पाइप कमांडने पीडीएसमधल्या मेंबरांची यादी: डिरेक्टरीच्या 42 बाइट्सपासून पुढे

पणजी-पर्वरीत किंवा फोंड्यात घरी बसून परदेशातल्या मेनफ्रेमवर रात्रपाळी करणारे गोव्यात आता बरेच आहेत. त्यांच्या रोजच्या कामात एक प्रश्न सतत येतो: अमुक डेटासेटमध्ये (मेनफ्रेमवरच्या फाइलमध्ये) मेंबर कुठले आहेत? पीडीएस म्हणजे असे अनेक मेंबर, म्हणजे छोट्या फाइली, आणि त्यांची डिरेक्टरी एकत्र ठेवणारा डेटासेट. नुसते डोळ्यांनी बघायचे असेल तर आयएसपीएफच्या (मेनफ्रेमवरच्या मेनू आणि एडिटरच्या) 3.4 पर्यायात जा, डेटासेटच्या नावापुढे एम टाका, काम झाले. त्यासाठी पाइप कमांड, म्हणजे उभ्या रेघेने जोडलेल्या टप्प्यांतून (स्टेजांतून) रेकॉर्ड पुढे सरकवणारी कमांड, शिकायची गरज नाही. ही यादी फाइलमध्ये हवी असेल, दुसऱ्या यादीशी ताडून बघायची असेल, किंवा ‘गेल्या आठवड्यात कोणी काय बदलले’ याचे उत्तर रोज आपोआप मिळायला हवे असेल, तर मात्र पाइपलाइनइतके सोपे साधन नाही.

एक सूचना आधीच. या लेखात सगळ्या कमांडी देवनागरीत दिल्या आहेत. स्क्रीनवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या. लिस्टपीडीएस, एनलोकेट, एफआरलेबल हे प्रत्येकी एकच शब्द आहेत, मध्ये जागा सोडायची नाही.

पाइप आहे का, ते आधी बघा

झेडव्हीएमवर (ही आयबीएमची एक मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टीम, झेडओएस दुसरी) पाइपलाइन तिथल्या सीएमएसचाच भाग आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही. आयबीएममधल्या जॉन हार्टमन यांनी ती मुळात तिथेच घडवली. झेडओएसवर पाइप कमांड बॅचपाइप्स या उत्पादनातल्या बॅचपाइपवर्क्ससोबत येते, आणि प्रत्येक ठिकाणी ती घेतलेली असतेच असे नाही. टीएसओच्या (झेडओएसवर कमांडी देण्याच्या सोयीच्या) रेडीवर किंवा आयएसपीएफच्या 6 क्रमांकाच्या पर्यायात नुसते हे टंका:

पाइप लिटरल देव बरे करूं | कन्सोल

(रोमनमध्ये काहीही लिहा, आशीर्वादच पाहिजे असे नाही.) तेच शब्द परत उमटले तर पाइपलाइन चालू आहे. आयकेजे56500आय हा संदेश देऊन टीएसओने ‘कमांड पाइप नॉट फाउंड’ म्हटले तर एकतर उत्पादन नाही, किंवा त्याची लोड लायब्ररी (तयार प्रोग्राम ठेवलेला डेटासेट) तुमच्या लॉगॉन प्रोसिजरमध्ये नाही. सिस्टीम प्रोग्रामरला नेमके हेच दोन प्रश्न विचारा. उत्पादनच नसेल तर लेखाच्या शेवटी पर्याय दिला आहे.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त डोके खाते. कमांड सापडते, पण उभी रेघ म्हणजे स्टेज वेगळी करणारी खूण आहे हे तिला कळतच नाही, आणि सगळी ओळ लिटरलचा मजकूर म्हणून गिळली जाते. दोष एम्युलेटरच्या कोड पेजचा असतो. पाइपलाइनला रेघेसाठी हेक्स 4एफ हवे असते. कोड पेज 037 आणि 1047 मध्ये तिथे उभी रेघच आहे, पण 500 मध्ये त्याच जागी उद्गारचिन्ह आहे. काही कीबोर्डांवरून तुटक रेघ जाते, ती हेक्स 6ए. एम्युलेटरचे कोड पेज होस्टशी जुळवून घ्या. तेवढा वेळ नसेल तर विभाजक स्वतः ठरवा:

पाइप (स्टेजसेप %) लिटरल चाचणी % कन्सोल

पहिली यादी

उदाहरणासाठी एक पीडीएस घेऊ: ‘गोवा.तालुका.जेसीएल’. त्यात प्रत्येक तालुक्यासाठी एक मेंबर. मेंबरचे नाव जास्तीत जास्त 8 अक्षरांचे असते. पहिले अक्षर ए ते झेड किंवा डॉलर, हॅश, ॲट यांपैकी एक, आणि अंक चालतो तो दुसऱ्या जागेपासून. गोव्याचे तालुके इंग्रजी स्पेलिंगने लिहिले तर डिचोली, मुरगाव आणि काणकोण बरोबर 8 अक्षरांत बसतात. धारबांदोडा मात्र 11 अक्षरांचा होतो, त्यामुळे तो पहिल्या 8 वर तोडून ‘धारबँड’ करावा लागतो. नावे ठरवताना असे एखादे धारबांदोडे निघतेच, ते आधी शोधून ठेवा.

पाइप लिस्टपीडीएस ‘गोवा.तालुका.जेसीएल’ | चॉप 8 | कन्सोल

लिस्टपीडीएस ही स्टेज डिरेक्टरी वाचते आणि दर मेंबरामागे एक रेकॉर्ड पुढे ढकलते. ती पाइपलाइनमध्ये पहिलीच असली पाहिजे. मध्ये घातलीत तर पाइपलाइन सुरूच होत नाही. चॉप 8 पहिली 8 कॉलम ठेवून बाकीचे कापते. हे कापणे विसरलात तर नावापुढे कचऱ्यासारखी चिन्हे दिसतात. तो कचरा नाही, डिरेक्टरीतली माहितीच असते, फक्त बायनरी. तिच्याकडे थोड्या वेळात येऊ.

डेटासेटच्या नावाभोवतीचा एकेरी अवतरणचिन्हांचा हिशेब टीएसओचाच आहे. चिन्हे घातली तर नाव जसेच्या तसे घेतले जाते, नाही घातली तर तुमचा प्रीफिक्स, बहुधा यूजर आयडी, पुढे चिकटतो. ‘डेटासेट सापडत नाही’ या तक्रारींतल्या निम्म्या तरी इथेच मिटतात. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कमांड चिकटवताना साध्या अवतरणचिन्हांची वाकडी चिन्हे होतात, तीही तपासा. होस्टला ती कळत नाहीत. (या लेखात छापलेली चिन्हेही वाकडीच आहेत, तुम्ही सरळ टंका.)

झेडव्हीएमवर मॅक्लिबसाठी (मॅक्रो लायब्ररीसाठी) तीच स्टेज फाइलचे नाव, प्रकार आणि मोड घेते: लिस्टपीडीएस गोवालिब मॅक्लिब ए. तिथे डेटासेटचे नाव आणि अवतरणचिन्हे हा प्रकारच नाही.

एकाखाली एक 12 नावांनी स्क्रीन भरायची नसेल तर:

पाइप लिस्टपीडीएस ‘गोवा.तालुका.जेसीएल’ | चॉप 8 | पॅड 10 | स्नेक 6 | कन्सोल

स्नेक 6 म्हणजे 6 स्तंभ. 12 मेंबर 2 ओळींत बसतात, पण वाचायचे वरून खाली: पहिल्या स्तंभात बार्देशाखाली डिचोली, दुसऱ्यात काणकोणखाली धारबांदोडा. आडवे वाचलेत तर क्रम विस्कटलेला वाटेल. पॅड 10 नसेल तर 8 अक्षरांची नावे शेजारच्या नावाला चिकटतात.

नुसती संख्या हवी असेल तर चॉपच्या जागी काउंट लाइन्स टाका. डिरेक्टरी रिकामी असेल तर नुसत्या यादीत काहीच छापले जात नाही आणि चूकही दाखवली जात नाही. स्क्रिप्ट लिहिताना या शांततेचा अर्थ ‘शून्य मेंबर’ असा आधीच धरून ठेवा.

डिरेक्टरीतली एक नोंद, जवळून

इथून पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

साध्या पीडीएसची डिरेक्टरी 256 बाइट्सच्या ब्लॉकांची असते. ब्लॉकचे पहिले 2 बाइट्स ‘किती भरले आहे’ हे सांगतात, उरलेल्या 254 मध्ये नोंदी. प्रत्येक नोंदीत आधी 8 बाइट्सचे नाव, मग 3 बाइट्सचा पत्ता म्हणजे ट्रॅक आणि त्यावरचा रेकॉर्ड, मग 1 बाइट ज्याला सी म्हणतात. सी बाइटचा सगळ्यात वरचा बिट चालू असेल तर ते नाव अलियास, म्हणजे एखाद्या मेंबराचे पर्यायी नाव, आहे. खालचे 5 बिट सांगतात की पुढे किती हाफवर्ड, म्हणजे दोन-दोन बाइट्सचे तुकडे, जोडलेले आहेत.

आयएसपीएफ एडिटरने मेंबर साठवला की 15 हाफवर्डांची म्हणजे 30 बाइट्सची स्टॅट्स (कोणी, कधी बदलले वगैरे माहिती) जोडली जातात, सी बाइट हेक्स 0एफ होतो, आणि नोंद एकूण 42 बाइट्सची. विस्तारित स्टॅट्स असतील तर 20 हाफवर्ड आणि सी बाइट हेक्स 14. स्टॅट्स नसलेल्या मेंबराची नोंद 12 बाइट्सवरच संपते.

लिस्टपीडीएसच्या रेकॉर्डात ही कॉलमे अशी पडतात. 1 ते 8 नाव, 9 ते 11 पत्ता, 12 सी बाइट. स्टॅट्स असतील तर 13 व्हर्जन, 14 मॉडिफिकेशन लेव्हल, 17 ते 20 निर्मितीची तारीख, 21 ते 24 शेवटच्या बदलाची तारीख, 25-26 तास आणि मिनिटे, 27-28 सध्याच्या ओळी, 29-30 सुरुवातीच्या ओळी, 31-32 बदललेल्या ओळी, 33 ते 40 यूजर आयडी. हा परिच्छेद छापून मॉनिटरशेजारी लावला तरी चालेल.

आता स्पेक्सने हवे तेवढे उचला (सी2एक्स बाइट्स हेक्समध्ये दाखवतो, सी2डी दशमान आकड्यात):

पाइप लिस्टपीडीएस ‘गोवा.तालुका.जेसीएल’ | लोकेट 40 | स्पेक्स 1-8 1 33-40 11 21-24 सी2एक्स 21 27-28 सी2डी 31 | कन्सोल

लोकेट 40 मध्ये शोधायचा मजकूर दिलेलाच नाही. अशा वेळी तो फक्त एवढेच बघतो की रेकॉर्डाला 40 वे कॉलम आहे की नाही. म्हणजे स्टॅट्सवाले मेंबर पुढे जातात, बिनस्टॅट्सचे गळतात. उलट हवे असेल तर एनलोकेट 13: ज्यांना 13 वे कॉलमच नाही तेवढेच मेंबर, म्हणजे एफटीपीने किंवा एखाद्या प्रोग्रामने टाकलेले, आयएसपीएफच्या हाताखालून न गेलेले. ‘हा मेंबर आला कुठून’ अशी शंका आली की ही एक ओळ आधी चालवावी.

तारीख सी2एक्सने उलगडली की 0126152एफ अशी दिसते. पहिले शून्य सोडा. पुढचा 1 म्हणजे 2000 नंतरचे शतक, 26 म्हणजे वर्ष 2026, आणि 152 म्हणजे वर्षाचा 152 वा दिवस, 1 जून. शेवटचा एफ हा चिन्हाचा. वर्ष आधी आणि दिवस नंतर असल्यामुळे या तारखांची बाइट-दर-बाइट तुलना सरळ करता येते, आधी रूपांतर करायची गरज पडत नाही.

चवथीआधीची यादी

चवथीला गावी जाण्याआधी काम सोपवताना विचारले जाते: 1 सप्टेंबरपासून कुठले मेंबर बदलले, कोणी बदलले? लीप नसलेल्या वर्षी 1 सप्टेंबर हा 244 वा दिवस, लीप वर्षी 245 वा. 2026 साठी:

पाइप लिस्टपीडीएस ‘गोवा.तालुका.जेसीएल’ | लोकेट 40 | पिक 21-24 >>= एक्स0126244एफ | स्पेक्स 1-8 1 33-40 11 21-24 सी2एक्स 21 | सॉर्ट 21-28 डिसेंडिंग | > ‘गोवा.चवथ.यादी’

पिक दिलेल्या कॉलमांची तुलना जमते तेवढेच रेकॉर्ड पुढे सोडतो. लोकेट 40 गाळू नका. आखूड रेकॉर्डात 21 वे कॉलमच नसते, तेव्हा तुलनेला देण्याआधी असे रेकॉर्ड बाजूला झालेले बरे. सॉर्टमधली 21 ते 28 ही कॉलमे स्पेक्सने नव्याने मांडलेली आहेत, डिरेक्टरीतली नाहीत. दर स्टेजला कॉलमे आधीच्या स्टेजने दिलेल्या रेकॉर्डावरून मोजायची, हे विसरले की निकाल चुकतो आणि चुकला हे कळतही नाही.

यादी सरळ डेटासेटमध्ये उतरवायला आणखी एक कारण आहे. पावसात वीज किंवा इंटरनेट गेले की टीएसओ सेशन अर्ध्यावर तुटते, आणि स्क्रीनवर तीन तारे दाखवत थांबलेली लांबलचक यादी त्याच्याबरोबर जाते. परत येताना लॉगॉनमध्ये रिकनेक्ट पर्याय द्या. यादी डेटासेटमध्ये लिहून झाली असेल तर ती तिथेच असते.

लोड लायब्ररीवर ही युक्ती वापरू नका. तिथे त्याच बाइट्समध्ये बाइंडरची (प्रोग्राम जोडून तयार करणाऱ्या साधनाची) माहिती असते, तारीख नव्हे. आकडे उमटतील, पण त्यांना काही अर्थ नसेल. लोड लायब्ररीत बहुधा प्रश्न असतो तो अलियासांचा, आणि त्यासाठी सी बाइट पुरतो:

पाइप लिस्टपीडीएस ‘गोवा.तालुका.लोड’ | पिक 12 >>= एक्स80 | चॉप 8 | कन्सोल

खरी नावेच हवी असतील तर तुलना उलटी करून << लिहा.

दोन लायब्ररी ताडून बघणे

चाचणी आणि प्रॉडक्शन या दोन लायब्ररींत फरक काय, हे लुकअप सांगतो. एंडकॅर (तुकडा संपल्याची खूण, इथे ?) देऊन पाइपलाइन तीन तुकड्यांत मांडायची, एल: हे लेबल ते तुकडे त्याच लुकअपला जोडते:

पाइप (एंडकॅर ?) लिस्टपीडीएस ‘गोवा.टेस्ट.जेसीएल’ | चॉप 8 | एल: लुकअप 1-8 डिटेल | > ‘गोवा.दोन्हीत’ ? लिस्टपीडीएस ‘गोवा.प्रॉड.जेसीएल’ | चॉप 8 | एल: | > ‘गोवा.टेस्टात’ ? एल: | > ‘गोवा.प्रॉडात’

लुकअप आधी दुसऱ्या बाजूची यादी पूर्ण वाचून घेतो, मग पहिलीतले एकेक नाव तिच्याशी लावतो. पहिल्या वाटेने जुळलेले बाहेर येतात, दुसऱ्या वाटेने फक्त टेस्टमध्ये असलेले, तिसऱ्या वाटेने फक्त प्रॉडमध्ये असलेले. दोन्ही याद्यांना चॉप 8 द्या, नाहीतर जुळलेल्या नावांमागून बायनरी शेपटी फाइलीत जाते.

हेच काम लॅपटॉपवर करायचे ठरवून दोन्ही याद्या उतरवल्यात तर क्रमाचा घोळ होतो. मेनफ्रेमवर डिरेक्टरी एब्सिडिक (मेनफ्रेमची अक्षरसंहिता) क्रमाने लागते: आधी डॉलर, मग हॅश, मग ॲट, मग ए ते झेड, आणि अंक सगळ्यात शेवटी. पीसीवर अंक अक्षरांच्या आधी येतात. एक यादी तिथल्या क्रमाची आणि दुसरी इथे सॉर्ट केलेली असेल, तर ओळीला ओळ लावणारा प्रोग्राम नसलेले फरक दाखवतो. दोन्ही याद्या एकाच यंत्रावर सॉर्ट करा.

रेक्समधून

रेक्स या स्क्रिप्टच्या भाषेत पाइपलाइन दुहेरी अवतरणचिन्हांत जाते, आणि डेटासेटचे नाव चलात असेल तर ते त्या चिन्हांच्या बाहेर:

"पाइप लिस्टपीडीएस '"डीएसएन"' | चॉप 8 | स्ट्रिप ट्रेलिंग | स्टेम मेम."

त्यानंतर मेम.0 मध्ये संख्या, मेम.1 पासून नावे. मेमच्या मागचा टिंब सोडू नका. ओळ तोडताना प्रत्येक तुकडा स्वतंत्र अवतरणात बंद करून स्वल्पविराम द्या, आणि रेघ एकतर ओळीच्या शेवटी ठेवा किंवा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. दोन्हीकडे लिहिली तर दोन रेघांमध्ये रिकामी स्टेज तयार होते आणि पाइपलाइन नाकारली जाते. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण दोन रेघा दोन वेगळ्या ओळींवर असतात.

बॅचमध्ये चालवायचे असेल तर आयकेजेईएफटी01 हा प्रोग्राम, एसवायएसटीएसपीआरटी या डीडीवर छापील उत्तर, एसवायएसटीएसआयएन वर कमांड. बॅचमध्ये प्रीफिक्सवर विसंबू नका, पूर्ण नाव अवतरणातच द्या.

उत्तर येत नाही तेव्हा

कमांड दिली आणि स्क्रीन गप्प बसली तर आधी एचएसएमचा (न वापरलेले डेटासेट दुसरीकडे हलवणाऱ्या व्यवस्थेचा) संशय घ्या. 3.4 मध्ये डेटासेटसमोर व्हॉल्यूमच्या जागी मायग्रॅट दिसत असेल तर तो परत आणला जातो आहे. टेपवरून येत असेल तर चहा पिऊन या. 913 ॲबेंड आला (काम या कोडने मध्येच बंद पडले) तर वाचण्याची परवानगी नाही, रॅकफ (परवानग्यांची व्यवस्था) सांभाळणाऱ्यांकडे जा.

यादी नीट येते पण नवा मेंबर साठवताना बी14-0सी येतो, तेव्हा डिरेक्टरी भरली आहे. डेटासेटमध्ये जागा आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. साध्या पीडीएसची डिरेक्टरी तयार करतानाच ठरते, आणि मागाहून वाढत नाही. हिशेब सोपा आहे: 254 मध्ये 42 बाइट्सच्या 6 नोंदी बसतात, बिनस्टॅट्सच्या 12 बाइट्सच्या 21. आपल्या 12 तालुक्यांना 2 ब्लॉक बरोबर पुरतात असे कागदावर दिसते, पण डिरेक्टरीचा शेवट दाखवणारी एफएफची नोंदही कुठेतरी बसायला हवी, म्हणून किमान 3 धरा आणि प्रत्यक्षात 20 मागा: स्पेस=(टीआरके,(5,5,20)). 3390 डिस्कच्या एका ट्रॅकवर असे 45 ब्लॉक बसतात, म्हणजे 20 मागून ट्रॅकसुद्धा भरत नाही. इथे कंजुषी करण्यात काहीच अर्थ नाही. मेंबरसंख्येचा अंदाजच नसेल तर सरळ पीडीएसई, म्हणजे पीडीएसचा सुधारित प्रकार, घ्या, तिची डिरेक्टरी लागेल तशी वाढते.

पाइप नसेल तर

लिस्टडीएस ‘गोवा.तालुका.जेसीएल’ मेंबर्स

ही साधी टीएसओ कमांड सगळीकडे असते. रेक्समध्ये आधी आउटट्रॅप लावून उत्तर चलांत पकडायचे. पहिल्या अमुक ओळी सोडा असे मोजून लिहू नका, कारण वरच्या ओळींची संख्या पक्की नसते. ‘--मेंबर्स--’ ही ओळ शोधा, तिच्या पुढच्या ओळीपासून प्रत्येकातला पहिला शब्द घ्या. त्याच ओळीवर पुढे अलियास लिहिलेले असू शकतात. स्टॅट्स मात्र इथे मिळत नाहीत. त्या हव्या असतील तर आयएसपीएफची एलएमएमलिस्ट सेवा स्टॅट्स(येस) देऊन चालवा, आणि रिटर्न कोड 8 आला की यादी संपली असे समजून थांबा.

पाइप आहे, पण लिस्टडीएसचेच उत्तर हवे असेल तर तीच गाळणी पाइपलाइनमध्ये एका ओळीत होते:

पाइप टीएसओ लिस्टडीएस ‘गोवा.तालुका.जेसीएल’ मेंबर्स | एफआरलेबल --मेंबर्स--| ड्रॉप 1 | स्पेक्स वर्ड1 1 | कन्सोल

एफआरलेबलमध्ये ‘--मेंबर्स--’ नंतर जागा न सोडता लगेच रेघ दिली आहे, ती छपाईची चूक नाही. तिथे सोडलेली जागाही शोधायच्या मजकुरात धरली जाते, आणि मग ती ओळ सापडत नाही.